एक बीज, अनेक वाटा : जनुकांच्या कारभारातील संभाव्यतेचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु ज्ञानालाही इतिहास असतो. एखादा प्रश्न कोणी तरी विचारतो, उत्तराची साधने नसल्यामुळे तो पन्नास वर्षे तसाच राहतो, मग नवी पिढी तो उचलते आणि कोडे सुटते. अशाच एका प्रश्नाची हकिकत येथे सांगावयाची आहे. बीज एकच, अन्न एकच, हवापाणी एकच; तरीही दोन जीव वेगळे का वागतात?

हा प्रश्न पालकांना परका नाही. "रक्तातच नाही, तर येणार कोठून?" असे वाक्य आपल्या घरांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, शिक्षकांच्या खोलीतूनही ऐकू येते. आनुवंशिकता म्हणजे कपाळावरचा लेख, तो कोणाला पुसता येत नाही, अशी आपली पक्की समजूत असते. ती शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्यासाठी आरंभ मेंडेलपासून करू.

वाटाण्याची मोजणी

ब्रनो येथील मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाण एकत्र केल्यावर दुसऱ्या पिढीत त्याला ७३२४ दाणे मिळाले. त्यांपैकी ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे प्रमाण जवळजवळ तीनास एक. शेंग फोडण्यापूर्वी पुढचा दाणा कसा निघेल, हे मेंडेलला सांगता येत नव्हते. परंतु सात हजार दाण्यांत साधारण किती गोल निघतील, हे मात्र सांगता येत होते. एकाविषयी अनिश्चितता आणि समुदायाविषयी निश्चितता, हेच संभाव्यतेचे मर्म होय.

मोजणीतून नियम शोधण्याची ही दृष्टी मानवजातीला नवी नव्हती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने गुप्त लिपीतील पत्रे उलगडण्याची रीत लिहून ठेवली. कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा, आणि त्या भाषेतील नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहा, ही ती रीत. एका अक्षरावरून काही कळत नाही; पुष्कळ अक्षरांवरून कळते. मेंडेलने हीच दृष्टी बीजाला लावली, असे म्हणता येईल.

मात्र मेंडेलच्या हिशेबात योगायोगाला एकच जागा होती. आईबापांकडून कोणते जनुक मिळेल, एवढ्यापुरताच योगायोग. एकदा जनुक मिळाले की पुढचे सारे ठरलेले, असेच नंतरची कित्येक वर्षे मानले गेले.

श्रोडिंजरची शंका

१९४३ साली डब्लिन येथे एर्विन श्रोडिंजर या थोर भौतिकशास्त्रज्ञाने जीवन म्हणजे काय, या विषयावर जाहीर व्याख्याने दिली. पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांत त्याने एक हिशेब मांडला. तो आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यालाही सहज समजेल. पदार्थातील कण सतत अस्ताव्यस्त हलत असतात. मग पदार्थाचे नियम इतके अचूक कसे? कारण कणांची संख्या अफाट असते. जेथे सरासरीने १०० कण असावयाचे, तेथे इकडेतिकडे सुमारे १० कणांचा, म्हणजे शेकडा दहाचा फरक पडतो. जेथे १० लाख कण असावयाचे, तेथे सुमारे १००० कणांचा, म्हणजे हजारात एकाचाच फरक पडतो. संख्येचे वर्गमूळ हा त्या फरकाचा अंदाज. संख्या मोठी तर नियम पक्का. संख्या लहान तर नियम डळमळीत.

आता अडचण पाहा. पेशीत एका जनुकाच्या एक किंवा दोनच प्रती असतात. मग एवढ्या थोड्या कणांवर जीवनाची शिस्त उभी कशी राहते? श्रोडिंजरचे उत्तर असे की, जनुक हा एखाद्या स्फटिकासारखा घट्ट बांधलेला रेणू असला पाहिजे. ते उत्तर मोठ्या अंशी खरे ठरले. परंतु जनुक टिकाऊ असणे वेगळे आणि जनुकाचा हुकूम बजावला जाणे वेगळे. ग्रंथ कितीही मजबूत बांधणीचा असला, तरी तो केव्हा उघडला जाईल, हे बांधणीवर अवलंबून नसते. हुकूम बजावणारे रेणू थोडेच असतात, आणि तेथे श्रोडिंजरचा वर्गमुळाचा नियम आपला अंमल गाजवतोच. माक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञाने १९४० सालीच गणिताने दाखवले होते की, जी प्रक्रिया मोजक्या रेणूंपासून सुरू होऊन स्वतःच स्वतःला वाढवत जाते, तिचा शेवट दर वेळी पुष्कळ वेगळा होऊ शकतो. त्या काळी हे कागदावरचे गणित होते.

दारावरचा पहारेकरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये झाक मोनो हा तरुण संशोधक आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूंना दोन साखरा एकत्र खाऊ घालून पाहत होता. एक ग्लुकोज आणि दुसरी दुधातील साखर. जीवाणू प्रथम ग्लुकोज संपवीत, मग काही वेळ वाढ थांबे, आणि त्यानंतर ते दुधातील साखरेकडे वळत. मधल्या वेळात काय होत होते? दुधातील साखर पचविण्याची हत्यारे पेशी तयार करीत होती. म्हणजे त्या हत्यारांची जनुके आधीपासून होती, परंतु बंद होती.

या कोड्याचा उलगडा मोनोने फ्रांस्वा झाकोब या सहकाऱ्याबरोबर केला. १९६१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध या शास्त्राचा पाया मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. एक जनुक पहारेकरी तयार करते. हा पहारेकरी दुसऱ्या जनुकांच्या दाराशी बसतो आणि त्यांचे काम रोखून धरतो. दुधातील साखर पेशीत आली की ती या पहारेकऱ्याला चिकटते, त्याची पकड सैल होते, आणि दार उघडते. पहारेकरी हटला की काम सुरू होते, या कल्पनेकडे वळण्यास लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाचे विचार उपयोगी पडले, असे मोनोने नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या व्याख्यानात नमूद केले आहे. हे पारितोषिक झाकोब, मोनो आणि आंद्रे ल्वॉफ यांना १९६५ साली मिळाले.

एक जनुक दुसऱ्यावर हुकूम चालवते, दुसरे तिसऱ्यावर, आणि तिसरे कदाचित फिरून पहिल्यावर. अशी जी गुंतागुंत तयार होते तिला जनुकांचे नियामक जाळे म्हणतात. पुढे १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो पहारेकरी प्रत्यक्ष वेगळा काढला. एका पेशीत असे पहारेकरी किती? सुमारे दहा! श्रोडिंजरचा हिशेब येथे आठवावा. जेथे कारभार दहा जणांच्या हाती, तेथे चढउतार होणारच.

शिकागोतील प्रयोग

या हकिकतीचा कणा असलेला प्रयोग मात्र १९५७ सालचा आहे. शिकागो विद्यापीठातील आरॉन नोव्हिक आणि मिल्टन वीनर यांनी तो केला. दुधातील साखरेसारखाच, परंतु पेशीला पचविता न येणारा एक पदार्थ त्यांनी जीवाणूंना अगदी थोड्या प्रमाणात दिला. जीवाणूंच्या समूहात एन्झाइमचे प्रमाण हळूहळू वाढू लागले. वरवर पाहणाऱ्यास वाटावे की, प्रत्येक जीवाणू थोडेथोडे एन्झाइम तयार करीत आहे.

पण खरा प्रकार निराळा होता. संध्याकाळी डोंगरावरून एखाद्या गावाकडे पाहावे. गावात निम्मा उजेड दिसतो. याचे अर्थ दोन होऊ शकतात. एक तर प्रत्येक घरात वात निम्मी केलेली आहे, किंवा निम्म्या घरांत दिवा पूर्ण लागला आहे आणि निम्मी घरे अंधारात आहेत. नोव्हिक आणि वीनर यांना दिसले ते दुसरे. काही जीवाणू पूर्ण जोमाने एन्झाइम करीत होते. उरलेले अजिबात करीत नव्हते. मधली वाट नव्हती. वेळ जाईल तसतशी दिवा लागलेल्या घरांची संख्या वाढत होती, इतकेच.

याचे कारण असे. उघडणाऱ्या जनुकांपैकी एक जनुक साखर आत ओढणारे प्रथिन तयार करते. दार एकदा नीट उघडले की हे प्रथिन वाढते, अधिक साखर आत येते, पहारेकरी परत बसू शकत नाही, आणि दार उघडेच राहते. इतकेच नव्हे, तर विशिष्ट प्रमाणात तो पदार्थ मिळत राहिला, तर उघड्या दाराच्या जीवाणूंची संतती उघड्या दाराची आणि बंद दाराच्यांची संतती बंद दाराची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. जनुके दोघांची तीच, अन्न तेच. फरक फक्त पूर्वी घडलेल्या एका घटनेचा. ही पहिली घटना कोणत्या जीवाणूत केव्हा घडेल, हे मात्र सांगता येत नाही. ती योगायोगाने घडते, एवढेच त्यांना म्हणता आले. नेमकी कोणती घटना, हा प्रश्न शिल्लक राहिला.

गणिताची हत्यारे

नेहमीचे गणित येथे अपुरे पडत होते, कारण ते सरासरीवर चालते. एखाद्या वर्गाची सरासरी ५० गुण असेल, पण निम्म्यांना ९० आणि निम्म्यांना १० असतील, तर ५० गुण मिळालेला विद्यार्थी त्या वर्गात एकही नसतो. सरासरी खरी असूनही ती कोणाचेच वर्णन करीत नाही. मग सरासरीऐवजी एकेका पेशीची हकिकत मांडणारे प्रतिमान हवे.

१९६९ साली स्टुअर्ट कॉफमन याने जनुकांचे जाळे दिव्यांच्या बटणांप्रमाणे कल्पिले. प्रत्येक जनुक चालू किंवा बंद. त्याची अवस्था दुसऱ्या दोन जनुकांवरून ठरणार. आणि कोणते कोणाला जोडायचे व त्याचा नियम कोणता, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे. अशा अंदाधुंद जोडणीतूनही जाळे काही मोजक्याच चक्रांत स्थिरावते, असे त्याला आढळले. शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या पेशी म्हणजे अशीच चक्रे असावीत, अशी त्याने कल्पना मांडली. २००२ साली इल्या श्मुलेविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या बटणांच्या जाळ्यात संभाव्यता घातली. प्रत्येक जनुकाला एकच नियम न देता अनेक नियम द्यावे आणि दर वेळी ठरावीक संभाव्यतेने त्यांतील एक निवडावा, अशी ती योजना.

दुसरी वाट डॅनियल गिलेस्पी याने १९७६ आणि १९७७ साली दाखविली. तो कॅलिफोर्नियात अमेरिकन नौदलाच्या एका संशोधन केंद्रात काम करीत असे. त्याच्या पद्धतीत संगणक दोनच प्रश्न विचारतो. पुढची रासायनिक घटना केव्हा घडेल? आणि ती कोणती असेल? दोन्हींची उत्तरे फासे टाकल्याप्रमाणे काढावयाची. पण फासे मनमानी नव्हेत. कोणते रेणू किती आहेत आणि ते किती वेगाने एकत्र येतात, यावरून फाशांचे वजन ठरते. एक घटना झाली की रेणूंची मोजणी सुधारावयाची आणि पुन्हा फासे टाकावयाचे. असे लक्षावधी वेळा केले की एका पेशीचे कल्पित चरित्र तयार होते. पुन्हा आरंभ केला तर दुसरे चरित्र.

१९७६ सालीच जेम्स स्पुडिच आणि डॅनियल कोशलँड यांनी दाखवून दिले की, एकाच वंशाच्या पोहणाऱ्या जीवाणूंतही प्रत्येकाची लकब निराळी असते आणि ती टिकून राहते. याचे कारण त्यांनी मोजक्या रेणूंच्या संख्येतील चढउतारांत शोधले. गिलेस्पीचे हत्यार जीवशास्त्रात खऱ्या अर्थाने तळपले ते पुढे वीस वर्षांनी. १९९७ साली हार्ली मॅकअ‍ॅडम्स आणि अ‍ॅडम आर्किन यांनी प्रथिने झऱ्यासारखी संथ न निघता मधूनमधून उसळ्यांनी निघतात, असे प्रतिमान मांडले. पुढच्याच वर्षी जॉन रॉस यांच्यासह त्यांनी जीवाणूंवर जगणाऱ्या लॅम्डा नावाच्या विषाणूचे उदाहरण सोडविले. हा विषाणू कधी पेशी फोडून बाहेर पडतो, तर कधी तिच्यात गुपचूप झोपून राहतो. एकसारख्या पेशींत हे दोन मार्ग योगायोगाने कसे फुटतात, ते त्यांनी हिशेबाने दाखविले.

डोळ्यांनी दिसलेला योगायोग

२००० साली दोन संशोधक गटांनी जनुकांची लहान जाळी चक्क हाताने बांधली. बोस्टन येथे परस्परांना दाबणाऱ्या दोन जनुकांची जोडी तयार झाली. मुलांच्या खेळातील सीसॉप्रमाणे एक वर तर दुसरे खाली. प्रिन्स्टन येथे मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लाइब्लर यांनी तीन जनुकांचे वर्तुळ बांधले. पहिले दुसऱ्याला दाबते, दुसरे तिसऱ्याला, तिसरे पहिल्याला. त्यामुळे पेशी घड्याळासारखी उजळू आणि विझू लागली. परंतु एकाच पेशीतून निघालेल्या बहिणी-पेशींची घड्याळेही एकमेकींशी जुळेनात!

हा फरक कोठून येतो, हे एलोविट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पाहिले. एकाच पेशीत त्यांनी दोन रंगांची चमकणारी प्रथिने तयार करणारी जनुके घातली. दोन्हींवर हुकूम एकच. सारे काही ठरलेले असते, तर दोन्ही रंग प्रत्येक पेशीत सारखे दिसले असते. प्रत्यक्षात एखादी पेशी एका रंगाकडे झुकलेली, तर दुसरी दुसऱ्या रंगाकडे. पेशीची परिस्थिती दोन्ही जनुकांना एकच होती. म्हणून हा फरक हुकूम बजावण्याच्या क्रियेतच असलेल्या योगायोगाचा.

आणि १९५७ सालचा शिकागोचा प्रश्न? तो २००८ साली हार्वर्ड विद्यापीठात सनी शिए यांच्या प्रयोगशाळेत सुटला. साखर ओढणारे प्रथिन चमकते करून त्यांनी एकेका जीवाणूवर नजर ठेवली. पहारेकऱ्याचा एक हात दारावरून सुटला, तर प्रथिनाची लहानशी उसळी येते आणि दार पुन्हा बंद होते. पण क्वचित दोन्ही हात सुटून पहारेकरी पूर्ण दूर गेला, तर शेकडो प्रथिने तयार होतात आणि दार कायमचे उघडते. एका रेणूची एक हालचाल, आणि पेशीच्या जीवनाची दिशा बदलली! एकावन्न वर्षांनी उत्तर मिळाले.

दवाखान्यातील अर्थ

हे सारे प्रयोगशाळेतील कौतुक आहे, असे कोणी समजू नये. श्रोडिंजरचे पुस्तक निघाले त्याच १९४४ साली आणि त्याच डब्लिन शहरात जोसेफ बिगर या वैद्यकाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. पेनिसिलिनने बहुतेक सर्व जंतू मरतात, पण अगदी थोडे उरतात. आणि त्यांना वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिले, तर त्यांची संतती पहिल्यासारखीच मरते. म्हणजे ते जंतू औषधाला पुरून उरणाऱ्या वेगळ्या जातीचे नव्हते; त्या वेळी ते केवळ झोपेत होते. २००४ साली नतालि बलबान आणि सहकाऱ्यांनी एकेका जीवाणूचे निरीक्षण करून दाखविले की, असे सुस्त जीवाणू औषध देण्यापूर्वीच समूहात तयार असतात.

साध्या क्षयरोगाचा औषधोपचारही साधारणपणे सहा महिने चालतो. इतका दीर्घ का, याच्या कारणांत असे सुस्त पडून राहणारे जंतू हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण आपण आजूबाजूला पाहतो. त्यांच्या घरच्यांना एवढे जरी समजले की बरे वाटणे म्हणजे शेवटचा जंतू मरणे नव्हे, तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागतील. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पूर्ण घ्यावे.

मुंबईशी जोडलेला धागा

वर ज्या लिओ झिलार्डचा उल्लेख आला, त्याने १९५० साली नोव्हिकबरोबर जीवाणू अखंड वाढत्या स्थितीत ठेवण्याचे उपकरण तयार केले होते. याच झिलार्डने एका भारतीय तरुणाची शिफारस होमी भाभा यांच्याकडे केली. हा तरुण म्हणजे ओबेद सिद्दीकी. उत्तर प्रदेशात बस्ती जिल्ह्यात जन्म, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण, मग ग्लासगो येथे डॉक्टरेट. भाभांच्या निमंत्रणावरून त्यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ते संस्थापक संचालक झाले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले; २०१३ साली ते निवर्तले. संभाव्यतेची प्रतिमाने हा त्यांचा विषय नव्हता. परंतु ज्या काळात जनुकांचे हे शास्त्र घडत होते, त्याच काळात आपल्या समाजातील एका विद्यार्थ्याने ते या देशात रुजविले, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असले पाहिजे.

तकदीर आणि तदबीर

'योगायोग' हा शब्द वाचून काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येईल. अल्लाहच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, मग योगायोग कसला? नम्रपणे सांगावेसे वाटते की, शास्त्रज्ञ जेव्हा योगायोग म्हणतो, तेव्हा तो निर्मात्याविषयी काही बोलत नसतो. आपण काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, त्याची मर्यादा तो मोजत असतो. आणि हा योगायोगही अंदाधुंद नाही. त्यालाही वर्गमुळाचा नियम आहे, तीनास एक हे प्रमाण आहे. अनिश्चिततेतही शिस्त आहे, हे पाहून श्रद्धावंताचे आश्चर्य वाढावे, कमी होऊ नये.

दुसरी गोष्ट. जीवाणूंवरून मुलांविषयी घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मूल म्हणजे पेशी नव्हे. त्याला घर आहे, शाळा आहे, मन आहे. पण जेथे एका पेशीच्या जीवासाठीसुद्धा जनुके हा शेवटचा शब्द नाहीत, तेथे बारा वर्षांच्या मुलाला 'याच्या रक्तातच अभ्यास नाही' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बीज आपल्या हाती नाही, योगायोगही नाही. पण दुधातील साखरेशिवाय दार उघडे राहत नाही, हेही त्या जीवाणूंनीच दाखविले आहे. ती पुरविणे, म्हणजे पुस्तक, वेळ, प्रोत्साहन आणि मुलीलाही मुलाइतकीच संधी देणे, ही आपली तदबीर.

विद्यार्थी मित्रांनो, या हकिकतीत भौतिकशास्त्रज्ञ जीवशास्त्राकडे वळले, आणि गणिताने सूक्ष्मदर्शकाला सोबत केली. म्हणून 'मला जीवशास्त्र आवडते, गणिताशी माझे काय काम?' असे म्हणू नका. संभाव्यतेचा धडा फासे आणि पत्ते यांच्या उदाहरणांपुरता नाही. पेशीच्या दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याचा हिशेब त्याच धड्यात आहे. तो धडा मन लावून शिका.